गाडीचं वय मोजता, तुंबलेली नळी कोण बघणार?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि अशा गाडीचा धूर ज्यांच्या नाकातोंडात जातो त्यांनी तर वाचाच.

आपल्याकडं जुन्या डिझेल गाडीचा निकाल तिघं लावतात. पहिलं सरकार. ते आरसीवरची तारीख बघतं. दुसरा पीयूसीवाला. तो नंबरप्लेटचा फोटो बघतो. तिसरा गॅरेजवाला. तो स्कॅनरवर आलेला कोड बघतो. बॉनेट उघडून, करंगळीएवढी रबरी नळी उपसून, ती मोकळी आहे की तुंबलीय हे बघणारा माणूस या तिघांत कुठंच नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या रस्त्यावर जो काळा धूर दिसतो त्यातला बराचसा गाडीच्या वयामुळं नाही, तर न झालेल्या आणि चुकीच्या दुरुस्तीमुळं आहे. आणि ही दुरुस्ती होऊ नये अशीच सगळी व्यवस्था आपण उभी केलीय. पटत नसेल तर खाली वाचा, मग भांडू.

आधी ती नळी म्हणजे काय ते सांगतो. मेस्त्री लोकांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

डिझेल इंजिनाला टर्बो असतो. सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. या कोंबलेल्या दाबाला बूस्ट म्हणतात. ही हवा जाड होज पाईपमधून इंटरकूलरला जाते, तिथं थंड होते आणि पुढं मॅनिफोल्डमध्ये शिरते. या जाड पाईपांसोबत काही बारीक नळ्याही असतात. बऱ्याच गाड्यांत एक नळी मॅनिफोल्डमधला दाब सेन्सरपर्यंत पोचवते. दुसरी टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरला सांगते, की दाब पुरे झाला, आता झडप उघड. ज्या जुन्या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, नुसता यांत्रिक पंप आहे, त्यांत अशीच एक नळी पंपाच्या डोक्यावरच्या डायफ्रॅमला जाते. दाब आला की डायफ्रॅम दबतो आणि पंप थोडं जास्त डिझेल सोडतो. हवा जास्त, तर डिझेल जास्त. साधा हिशोब.

आता ही नळी तुंबते कशी? ईजीआर नावाची सोय धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवते, म्हणजे काजळी आली. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ ब्रीदरमधून त्याच वाटेला सोडलेली असते, म्हणजे तेल आलं. काजळी आणि तेल एकत्र आलं की डांबर तयार होतं. जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड खोललेला कधी बघितलाय? आमच्याकडं चुलीवरच्या धुराड्याला जसा चिकट थर बसतो तसा थर असतो आत. जाड पाईपाचं भोक निम्मं भरायला वर्षं लागतात. पण सेन्सरच्या नळीचं भोक काही मिलिमीटरचंच. ते सगळ्यात आधी बुजतं.

हा रोग जगभरचा आहे. १९८० च्या दशकातल्या मर्सिडीज ३००डी टर्बो गाड्या अजून चालवणारे हौशी लोक परदेशात आहेत. गाडी मंद झाली की ते आधी मॅनिफोल्डवरचा भोकाचा बोल्ट आणि तिथून निघालेली बारीक नळी काढून साफ करतात. टर्बोला हात नंतर लावतात. आपल्याकडं उलटं चालतं.

आमच्या गावातल्या एका वडापवाल्याची गोष्ट सांगतो. सात सीटर, कॉमन रेल डिझेल, बारा वर्षांची गाडी. घाटात चढेना. तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरायची, इंजिनाची लाईट लागायची, मग वेग चाळीसच्या पुढं जाईना. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात नेली. स्कॅनर लावला. कोड आला पी०२९९. दहा मिनिटांत निदान झालं, ‘टर्बो गेलाय, बदलावा लागेल.’ अंदाज पन्नास हजारांच्या वर. गड्याची गाडीच विकायला काढली तर तीन लाख येतील का नाही याची खात्री नाही, आणि त्यात पन्नास हजारांचा टर्बो.

तो माझ्याकडं आला ते बातमी लावा म्हणून नव्हे. ‘पत्रकार, कुणाच्या ओळखीनं जुना टर्बो स्वस्तात मिळंल का बघा की,’ म्हणून. मी त्याला घेऊन आमच्या स्टँडमागच्या म्हाताऱ्या मेस्त्रीकडं गेलो. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी टर्बोचा पाईप काढला, पंख्याचा दांडा बोटानं हलवून बघितला. ‘लेका, ह्यो तर घट्ट हाय. ह्याला काय धाड भरलीया?’ मग त्यांनी दाबाची नळी उपसली आणि तोंडानं फुंकली. हवा जाईना. मॅनिफोल्डच्या बाजूच्या तोंडात काळा बुच्चा बसला होता, खलबत्त्यात कुटल्यासारखा. साफसफाई, नवी नळी, दोन क्लिपा आणि मामांची मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. गाडी आजही वडाप करते.

आता त्या गॅरेजवाल्यानं फसवलं का? मला तसं म्हणायचं नाही. प्रश्न त्याहून खोल आहे. पी०२९९ या कोडचा अर्थ ‘टर्बो खराब’ असा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच, की जेवढा दाब यायला हवा होता तेवढा कॉम्प्युटरला दिसला नाही. दिसला नाही याची कारणं अनेक असू शकतात. टर्बो खरंच गेला असेल. जाड होज चिरला असेल. क्लिप सैल असेल. अ‍ॅक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी फुटली असेल. किंवा दाब नीट आहे, पण सेन्सरपर्यंत पोचणारी नळीच बुजलीय. ताप आला हे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की टायफॉईड हे सांगत नाही. थर्मामीटर बघून थेट ऑपरेशनला घेणारा डॉक्टर आपण चालवून घेऊ का? गाडीत मात्र चालवून घेतो. मॅनिफोल्डला साधा काट्याचा प्रेशर गेज लावला आणि त्याचा आकडा स्कॅनरच्या आकड्याशी ताडून बघितला, तर खरं-खोटं लगेच कळतं. पण गेज लावायला वेळ जातो, आणि गेजचं बिल पन्नास हजार होत नाही.

आता धुराकडं येऊ, कारण काही जण म्हणतील, गाडी मंद झाली तो मालकाचा प्रश्न, त्यात सार्वजनिक काय?

सार्वजनिक असं, की नळी तुंबली म्हणून गाडी मंद होते आणि मंद गाडीवर जे उपचार होतात त्यातून धूर तयार होतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत नळी बुजली तर डायफ्रॅमला दाब पोचत नाही, पंप कमी डिझेल सोडतो. गाडी ओढत नाही, पण धूरही मारत नाही. मालक म्हणतो, ‘पिकअप गेलाय.’ मग कुणीतरी शहाणा पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवून देतो. पिकअप येतो. आणि त्या दिवसापासून ती गाडी खालच्या वेगातसुद्धा काळा लोट सोडत हिंडते, कारण आता हवा असो-नसो डिझेल जास्तच जातंय. म्हणजे जी गाडी साधी नळी साफ करून निर्मळ झाली असती तिला आपण दुरुस्तीच्या नावाखाली धुरांडं केलं.

कॉम्प्युटरवाल्या गाडीत प्रकार वेगळा, निकाल तोच. बऱ्याच गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो. पुढं होज चिरला असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. कॉम्प्युटर मात्र सगळी हवा पोचली असं धरून डिझेल देतो. जळायला हवा कमी, डिझेल जास्त, मागं काळा ढग. अ‍ॅक्च्युएटरची नळी बुजली तर उलटं होतं. झडप वेळेवर उघडत नाही, दाब प्रमाणाबाहेर जातो, आणि इंजिन वाचवायला कॉम्प्युटर डिझेल तोडतो. ओव्हरटेक करताना गाडी मधेच मान टाकते. समोरून एसटी येत असेल तर काय होईल ते मी सांगायला नको.

आणि मग येतो सगळ्यात लाडका इलाज. ‘ईजीआर ब्लॉक करून टाकू, कटकटच नको.’ पत्र्याचा तुकडा कापून मधे बसवतात. काजळी कमी साठते हे खरं. पण ईजीआर काजळीसाठी दिलेलाच नसतो, तो नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला असतो. तो बंद केला की न दिसणारं विष वाढतं. काळा धूर दिसत नाही म्हणून मालक खूश, मेस्त्री खूश, आणि आपली पोरं ते हुंगतात.

आता पीयूसी. कागदावर नियम चांगला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५ व्या नियमानुसार डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा मोजायचा. बीएस-४ गाडीला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. जुन्या गाडीला सहा महिन्यांनी, बीएस-४ आणि पुढच्या गाडीला वर्षानं प्रमाणपत्र. नसेल तर केंद्राच्या कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड.

पण ही चाचणी होते कशी? गाडी न्यूट्रलवर, उभी. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. इंजिनावर बाहेरचा भार शून्य. भार नाही म्हणजे टर्बोला खरी मेहनत नाही. ज्या बिघाडाबद्दल मी वर एवढं लिहिलं तो घाटात, आठ माणसं भरल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये दिसतो. उभ्या गाडीत तो सहज लपतो. हाँगकाँगमध्ये धूर सोडणाऱ्या डिझेल गाडीला रोलरवर चढवून, भार देऊन तपासतात. म्हणजे तंत्र आहे, नवं नाही, कुणी शोधून काढायचंही नाही. आपण ते आणलं नाही, एवढंच.

हे झालं चाचणी खरंच होत असेल तर. खरंच होते का? हायवेला टपरीवजा व्हॅन लावलेली असते. नळकांडं सायलेन्सरला लागतं का शेजारी हवेतच लोंबतं, हे तुम्हीही बघितलंय आणि मीही. नंबरप्लेटचा फोटो निघाला, प्रिंट निघाली, संपलं. मोबाईलवर फोटो पाठवा, पीयूसी घ्या, हाही धंदा चालतो. ज्यांनी कधी असं केलं नाही त्यांनी हात वर करा. फार हात दिसणार नाहीत. रात्री ढाब्यावर ज्या ट्रकच्या धुरानं डोळे चुरचुरतात त्याच्याही काचेमागं ‘पास’ लिहिलेला कागद असतो.

तपासणी अशी पोकळ ठेवायची, आणि मग धूर वाढला की वयावर खापर फोडायचं. दिल्लीत काय झालं बघा. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. १ जुलै २०२५ पासून पंपावर कॅमेरे लावून अशा गाड्यांना इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि लोकांची ओरड झाल्यावर काही दिवसांत ते थांबवावं लागलं. प्रकरण परत न्यायालयात. या सगळ्या वर्षांत त्या गाड्या गेल्या कुठं? एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या. धूर संपला नाही, त्याचा पत्ता बदलला. दिल्लीच्या हवेचं भलं होवो, पण लहान गावातल्या माणसाला फुफ्फुसं नसतात असा काही शोध लागलाय का?

आपल्या महाराष्ट्रात सरसकट बंदी नाही, पण पंधरा वर्षं झाली की पर्यावरण कर आहे. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीची फी केंद्रानं ६०० वरून थेट ५,००० रुपये केली. कर घ्या, फी घ्या. पण मला सांगा, हे पैसे भरून त्या गाडीची एक तरी नळी साफ होते का? नीट ठेवलेल्या गाडीलाही तेवढेच, धूर ओकणाऱ्या गाडीलाही तेवढेच. मग नीट ठेवायची कशाला? दर वेळी फिल्टर बदलणारा, नळ्या बघणारा माणूस मूर्ख ठरतो. दहा वर्षांची नीट राखलेली गाडी आणि पाच वर्षांची, स्क्रू पिळलेली, ईजीआर बुजवलेली गाडी शेजारी उभी करा. कायदा पहिलीकडं संशयानं बघतो आणि दुसरीला सलाम ठोकतो.

इथं काही मित्र म्हणणार, ‘तू जुन्या डिझेलची वकिली करतोयस.’ नाही. डिझेलचा धूर कॅन्सर करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलंय, सर्वांत वरच्या गटात टाकून. बीएस-६ च्या गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, जुन्या गाडीत नसतो. नळ्या कितीही साफ करा, बीएस-३ ची गाडी बीएस-६ होणार नाही. ज्या गाडीचं इंजिन खरंच संपलंय, पिस्टन-रिंगा गेल्यात, तेल जाळतेय, ती भंगारातच गेली पाहिजे. २०२१ चं स्क्रॅप धोरण अशा गाड्यांसाठी असेल तर माझा पाठिंबा आहे. भांडण एवढंच आहे की कुठली गाडी भंगारात जावी हे धूर मोजून ठरवा, वाढदिवस मोजून नको.

दुसरे म्हणतील, ‘एवढाच पुळका असेल तर इलेक्ट्रिक घ्या.’ घेऊ की. पण वडाप चालवणाऱ्याकडं, दूध डेअरीवर नेणाऱ्याकडं, ऊसतोडीच्या टोळीला रेशन पोचवणाऱ्याकडं आज बारा-पंधरा लाख नाहीत. त्याच्याकडं आहे ती गाडी अजून पाच वर्षं चालणार आहे, तुम्हाला आवडो न आवडो. प्रश्न हा, की ती पाच वर्षं साफ चालणार की काळी?

आता गॅरेजांबद्दल, कारण नुसता मेस्त्रीला दोष देणं सोपं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. आक्षेप काय होता? सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. प्रकरण अपिलात गेलं, वर्षं गेली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागानं ‘राईट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनं हे एक क्षेत्र धरलं. छान. पण आमच्या स्टँडमागच्या मामांना आजही कुठल्या गाडीची कुठली नळी कुठून कुठं जाते याचा नकाशा मिळत नाही. ते अनुभवानं आणि बोटानं शोधतात. त्यांच्या मागची पिढी काय करणार? त्यांच्याकडं शिकायला आलेला पोरगा यूट्यूब बघून स्क्रू पिळतो, कारण त्याला दुसरं काही दाखवलंच नाही कुणी.

आपल्याकडं आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड आहे, मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आहे. पोरं हुशार असतात. पण कित्येक ठिकाणी वर्कशॉपमध्ये स्टँडवर ठेवलेलं इंजिन असं असतं, की ज्याच्या जातीची गाडी रस्त्यावर दिसेनाशी झालीय. एक चालू कॉमन रेल इंजिन, एक स्कॅनर, एक प्रेशर गेज. मोठमोठ्या कौशल्य केंद्रांच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सला जेवढा खर्च येतो त्यात बसेल असं हे सामान आहे. (फ्लेक्सवर कुणाचे फोटो असतात ते तुम्हाला माहीत आहे.)

बरं, सरकार करील तेव्हा करील. तोवर मालकांनी काय करायचं ते थोडक्यात सांगतो. मामांकडून ऐकलेलं आणि गॅरेजात उभं राहून बघितलेलं आहे.

गाडी मंद वाटली, चढाला धूर दिसला, तर पंपाला किंवा टर्बोला हात लावायच्या आधी हवेची वाट बघायला सांगा. एअर फिल्टर, मग जाड होज आणि क्लिपा, मग बारीक नळ्या. इंजिन थंड असताना, बंद ठेवून. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, नाहीतर नळ्यांची अदलाबदल होते आणि नवीनच दुखणं लागतं.

बारीक नळी दोन्ही टोकांनी सोडवून मगच फुंका. सेन्सर किंवा डायफ्रॅम जोडलेला असताना कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारला तर आतला पडदा फाटतो. मॅनिफोल्डवरचं तोंड शक्यतो काढून साफ करा. आतल्या आत तार खुपसली तर खरवडलेली खपली इंजिनात पडते. तांब्याचे वॉशर परत बसवताना नवे घाला, चाळीस रुपयांसाठी गळती ठेवू नका. नळी कडक झाली असेल, तिला भेगा पडल्या असतील, तर साफ करत बसू नका, बदला. आणि हात जोडून सांगतो, सलाईनची नळी लावू नका. उष्णतेनं ती मऊ पडते, पिचकते, आणि आठ दिवसांत तीच तक्रार घेऊन तुम्ही परत गॅरेजात.

सेन्सर काढला तर त्यावर सेन्सरसाठीचा स्प्रे मारा, काडी घालू नका. जाड होजमध्ये तेलाचा पातळ हात असणं जुन्या गाडीत चालतं. वाटीभर तेल निघालं तर मात्र टर्बोचं सील किंवा ब्रीदर बघावा लागेल. तिथं कंजूषपणा नको. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. चालू इंजिनाच्या हवेच्या वाटेत पेट्रोल, डिझेल किंवा कसलाही क्लिनर मनानं फवारू नका. डिझेल इंजिन मिळेल ते जाळतं. एकदा ते सुटलं की चावी बंद करूनही थांबत नाही. असं फुटलेलं इंजिन मी बघितलंय.

या कामाला तासाभराचा वेळ आणि काही शे रुपये लागतात. दर सर्व्हिसिंगला ऑइल बदलताना ‘बूस्टच्या नळ्या बघितल्या का?’ एवढं विचारायची सवय लावा. मेस्त्री आधी तुमच्याकडं विचित्र बघेल. तिसऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं की स्वतःहून बघायला लागेल.

आता मागण्या. आमच्या जिल्ह्याचे आरटीओचे अधिकारी ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून इथंच लिहितो.

१. पीयूसी केंद्रांची अचानक तपासणी करा. किती केली, किती परवाने रद्द केले, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करा.
२. घाट सुरू होतो तिथं आणि घाटाच्या माथ्यावर धूर तपासणीची गाडी उभी करा. भाराखाली कोण काळं सोडतंय ते उघड्या डोळ्यांना दिसतं.
३. धूर सापडला की नुसती पावती फाडू नका. पंधरा दिवसांत दुरुस्ती करून परत तपासून घे, दंड निम्मा, अशी सवलत द्या. लोक गॅरेजकडं वळतील.
४. फेरनोंदणीच्या वेळी रोलरवर भार देऊन धूर मोजा. पास झाली तर फी कमी, नापास झाली तर भंगार. यात कुणावर अन्याय नाही.
५. पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजनाच्या निधीतून तालुक्याच्या आयटीआयला चालू डिझेल इंजिन आणि स्कॅनर द्यावा. आणि मामांसारख्या मेस्त्रींना तिथं मानधन देऊन शिकवायला बोलवावं. डिप्लोमा नाही म्हणून दारातून परत पाठवू नका.

पर्यावरण कराची किती रक्कम आपल्या जिल्ह्यातून जमा झाली आणि त्यातली किती धूर कमी करण्यावर खर्च झाली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथंच टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन.

तोवर एक करा. पुढच्या वेळी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये आरशात मागं बघा. काळं दिसलं तर गाडी विकायचा विचार नंतर करा, आधी नळी काढून फुंका. काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा, फोटोसकट. आणि मी लिहिलेलं चुकीचं वाटत असेल तर मेस्त्री मंडळींनी जरूर झापावं, त्यांचा अधिकार आहे.